बाबुराव पेंटरांचा 'सैरंध्री' (१९२०) कुठे बघायला मिळेल का?

बोरीकाठ (अमळनेर)
राम राम मंडळी. आमच्या घरात एक गोष्ट कायम सांगितली जाते, की आप्पांच्या (म्हणजे माझ्या आजोबांच्या) वडलांनी सखाराम महाराजांच्या यात्रेत, वैशाखात बोरीच्या पात्रात तंबू लागायचे तिथे, कीचकवधाचा सिनेमा पाहिला होता आणि भीम कीचकाला मारायला लागला तशा बाया लेकरं काखेत मारून तंबूबाहेर पळाल्या. आप्पा तेव्हा जन्मलेही नव्हते पण सांगायचे असं की जसं काय पुढच्या रांगेत बसलेले. नेटवर शोधलं तर १९२० चा सैरंध्री सापडतो, खाडिलकरांच्या नाटकावरून केलेला, पण यूट्यूबवर त्या नावाने जे आहे ते सगळं भलतंच. तर कुठे कॉपी आहे का? आणि दुसरं, नाटक म्हणजे सगळा बोलण्याचा खेळ, त्याचा मूकपट केला तरी कसा??

पांझरा (धुळे)
कॉपी नाही भो. गेला तो. आपल्याकडे हजारावर मूकपट बनले, त्यातले पूर्ण असे तीसही राहिले नाहीत. फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्रची चार रिळं होती, त्यातलं पहिलं आणि शेवटचं तेवढं आहे, मग बाकीच्यांची काय कथा. बोलपट आले आणि जुन्या रिळांना कोणी विचारेना, कित्येकांनी तर त्यातली चांदी काढायला विकून टाकली.

आता नाटकाचं. कीचकवध १९०७ चं, गद्य नाटक. खाडिलकर केसरीतले, आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं, १९१० ला सरकारने बंदी घातली. अशा नाटकावर पेंटरांनी पहिलाच सिनेमा काढला, याला छाती लागते. बोलण्याच्या जागी मधे मधे पाट्या यायच्या, पण मला विचाराल तर पाट्या नसत्या तरी चाललं असतं, विराटाच्या घरी द्रौपदी दासी होऊन राहिली हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि पेंटर मूळचे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे, कोल्हापूरचे, कॅमेरा सुद्धा घरीच बनवलेला, तानीबाई कागलकरांनी पैसा घातला म्हणून कंपनी उभी राहिली. अशा माणसाला गोष्ट डोळ्यांनी सांगता येते. कीचकाला मारायचा सीन इतका खराखुरा झाला की सरकारने तो कापायला लावला. पुण्यात आर्यन थिएटरला लागला तेव्हा टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. बाया पळाल्या हे मला तरी पटतं.

तापीकाठ
थांबा जरा, इतक्यात पटवून घेऊ नका 😄 प्रभातचा पण सैरंध्री आहे, १९३३, शांतारामबापूंचा, तो बोलपट. रंगीत करायचा म्हणून जर्मनीपर्यंत नेला होता पण रंग काही बसले नाहीत. पणजोबांनी तोच पाहिला नसेल कशावरून? त्यात गाणी होती का, एवढं घरी विचारा. आणि नेटवर शोधताना मद्रासच्या नटराज मुदलियारांचा कीचकवधम पण मधे येतो, तो पेंटरांच्या आधीचा, त्याचा आपल्या नाटकाशी संबंध जोडू नका. तोही गेलाच.

बोरीकाठ
आत्याला आत्ता फोन केला. ती म्हणे गाणी-बिणी काही नाही, पडद्याच्या बाजूला एक जण उभा राहून पाट्या मोठ्यांदा वाचायचा, आणि कीचक आला की लोक त्यालाच शिव्या द्यायचे, वाचणाऱ्याला! मधेच दिवा गेला तर परत पैसे मागायचे ते वेगळंच.

पांझरा (धुळे)
मग मूकपटच. पण पेंटरांचाच असं छातीठोक नका सांगू, तंबूवाले जुनी रिळं कितीतरी वर्षं फिरवायचे, कीचकाचा प्रसंग दुसऱ्या एखाद्या पौराणिक सिनेमातही असू शकतो. शिवाय तो सीन कापल्यावर खेड्यात कसा दिसला, हा प्रश्न आहेच. बंदी-बिंदी कागदावर, तंबूत कोण बघायला येतंय म्हणा.

खळ्यावरचा (चोपडा)
विषय निघालाच आहे तर, माझ्या मामांकडे टुरिंग टॉकीज होती, त्यांच्या खळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत रिळांचे दोन-तीन डबे पडलेत. एक उघडला तर फिल्म एकमेकांना चिकटलेली आणि कडेला तपकिरी भुकटी. टाकून द्यायचे का?

तापीकाठ
अरे बाबा टाकू नको!! आणि काडी लावून बघू तर अजिबात नको. १९५० च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची असायची, ती पेटली की पाण्याने पण विझत नाही. आपल्याकडचा मे महिना आणि वर पत्रा, म्हणजे विचारूच नको. डबे आधी सावलीत, हवेशीर जागी, घरापासून लांब ने. चिकटलेली फिल्म ओढून सोडवू नको, प्रोजेक्टरला तर लावूच नको. कडेला सेफ्टी छापलंय का बघ, किंवा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का, तसं असेल तर ती नंतरची फिल्म, तिचा एवढा धोका नाही. मग पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला फोटो पाठव, कसं आणायचं ते त्यांनाच विचार, एसटीत घेऊन बसू नकोस.

खळ्यावरचा (चोपडा)
मामी म्हणते भंगारवाल्याला उद्या बोलावलंय. आत्ताच निघतो.