डेडलाइन : मुदत की मरणरेषा?

शब्दवेडी : अमेरिकेच्या यादवी युद्धावरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. त्यात एक युद्धकैदी 'डेडलाइन ओलांडली' म्हणून गोळी लागून मरतो. सहकारी म्हणतो, 'मुदत टळल्याने' लिही. पण ही तर जमिनीवरची रेषा दिसते आहे. काय लिहावं?

मुद्रितशोधक : मुदत नक्कीच नाही! जॉर्जियातली अँडरसनव्हिल छावणी, १८६४. ओंडक्यांच्या तटापासून आत सुमारे १९ फुटांवर हलका लाकडी कठडा होता. तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालत. त्याचंच नाव डेडलाइन. तिथल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० मेले, बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने. छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याला १८६५ मध्ये फाशी झाली. मी 'मरणरेषा' लिहीन.

पैलतीर : लक्ष्मणरेषा का नको? वाचकाला लगेच कळेल.

शब्दवेडी : लक्ष्मणाने रेषा आखली ती आतल्या माणसाला राखायला. इथे रेषा आखणाराच गोळी घालतो. नाही पटत.

जुळारी : डेडलाइनचा 'मुदत' हा वेळेचा अर्थ त्या छावणीतून आला असं सांगतात, ते मला मान्य नाही. छपाईयंत्रावरही डेडलाइन असे, तिच्यापलीकडचा मजकूर उमटत नसे. आणि वेळेचा अर्थ रुळला तो १९२० च्या आसपास, अमेरिकी वृत्तपत्रांतच. मधली पन्नास वर्षं शब्द कुठे होता?

मुद्रितशोधक : वापरात होता की. १८८० मध्ये न्यूयॉर्कचे पोलीस अधिकारी टॉमस बर्न्स यांनी फुल्टन स्ट्रीटवर 'डेडलाइन' आखली. तिच्या दक्षिणेला, वॉल स्ट्रीटच्या बाजूला नामचीन चोर दिसला की धरायचा. म्हणजे 'ओलांडू नये अशी हद्द' हा अर्थ चालूच होता.

स्वभाषा : पण रोजच्या बोलण्यात डेडलाइन हवीच कशाला? मुदत आहे ना!

पैलतीर : मुदत अरबी. 'शेवटची तारीख' म्हणाल, तर तारीखही अरबी. सावरकरांनी दिनांक दिला, तो अर्जावर रुळला. तोंडी तारीखच राहिली.

स्वभाषा : शतकानुशतकं मुरलेला शब्द आणि काल आलेला शब्द एका मापाने मोजू नका. मुदत घालतात, वाढवतात, ती टळते, उलटते; तिच्यापासून मुदतवाढ होते, मुदतबाह्य होतं. डेडलाइन मात्र 'मीट' करावी लागते. क्रियापदसुद्धा उसनं!

जुळारी : मुदतीत धाक नाही. ती मागितली की वाढवून मिळते.

स्वभाषा : डेडलाइनही मिळतेच वाढवून.

शब्दवेडी : मी सध्या 'मरणरेषा' ठेवते, खाली टीप देते. पण त्याच मजकुरात पुढे संपादकाची डेडलाइनही आहे, आणि लेखकाने दोन्हींवर मुद्दाम श्लेष केलाय. तिथे काय करू?

पैलतीर : 'कालमर्यादा' कोणी सुचवलाच नाही अजून.

स्वभाषा : तो सरकारी कागदात शोभतो. बोलताना कोण म्हणतं?