विषय: सिस्टरमावशी गेल्या – वार्तापत्रातला मजकूर

प्रेषक: कार्यवाह

सप्रेम नमस्कार,

आपल्या सगळ्यांच्या सिस्टरमावशी मंगळवारी पहाटे घरीच गेल्या. मुलं, सुना, नातवंडं उशापायथ्याशी होती.

माझ्यासाठी ही बातमी नुसती मंडळाची नाही. १९९४च्या गणपतीत आरतीच्या वेळी माझ्या वडिलांना घाम सुटला. हॉलमध्ये उकडतंय असंच आम्हाला वाटलं. मावशी मोदकांचं ताट बाजूला ठेवून आल्या, तीन बोटं त्यांच्या मनगटावर टेकवली आणि मला म्हणाल्या, "वारा घालू नकोस, ९९९ लाव." बाबांना भिंतीला टेकवून, गुडघे वर घेऊन जमिनीवर बसवलं, ॲस्पिरिन चघळायला दिली. अँब्युलन्स येईपर्यंत मनगट सोडलं नाही. बाबा त्यानंतर चौदा वर्षं जगले.

वार्तापत्रासाठी असा मजकूर केला आहे: "कुटुंबवत्सल गृहिणी, निवृत्त नर्स आणि मंडळाच्या ज्येष्ठ सभासद." काही राहिलं असेल तर कळवा.

---

प्रेषक: धाकटी सून

कार्यवाहांचे आणि घरी येऊन गेलेल्या सगळ्यांचे आभार. डबे इतके आले की आठवडाभर घरी चूल पेटली नाही.

एक सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा आजेसासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पुढच्या खोलीत त्यांचा पलंग होता आणि भिंतीवर आईंच्या अक्षरातला कागद: आठ – डावी कूस, दहा – पाठ, बारा – उजवी, दोन – पुन्हा डावी. रात्रीचेही आकडे होते. घरातल्या प्रत्येकाची पाळी लावलेली, पुरुषमाणसांचीसुद्धा. आई स्वतः नाइट ड्यूटी करून सकाळी घरी यायच्या, कोट काढायच्या आधी सासूच्या टाचा आणि माकडहाड बघायच्या. चादरीला एक सुरकुती दिसली तरी मला पुन्हा घालायला लावायच्या. तेव्हा मला राग यायचा. तीन वर्षांत आजींना एकदाही बेडसोअर झाला नाही.

आईंचे दोन दीर, एक नणंद, त्यांची मुलं, सगळी आईंच्याच घरातून मार्गी लागली. कोणाची फी कोणी भरायची हे त्याच ठरवायच्या आणि त्यावर कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही.

---

प्रेषक: मिरजेची मैत्रीण

सर्वांना नमस्कार. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, नातीला सांगून टाइप करून घेते आहे.

कार्यवाह, मजकूर बदला. "निवृत्त नर्स" एवढ्यावर भागणार नाही.

आम्ही दोघी १९६६ला इथे ब्रिटनमध्ये आलो. मी मिरजेची, वानलेस हॉस्पिटलातल्या नर्सांना बघत मोठी झाले. ती पुण्याची. तिची आत्या बालविधवा. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनातून शिकून नर्स झालेली. परजातीच्या बाळंतिणीला हात लावते म्हणून त्या आत्याचं पान घरात वेगळं मांडत. ते पान हिने लहानपणी बघितलं होतं. येताना सरकार तीनच पौंड बरोबर नेऊ द्यायचं. त्यांतला एक पौंड तिने विमानतळावर मला दिला, माझ्यापाशी स्वेटर नव्हता.

इथे दोन वाटा होत्या. तीन वर्षं शिकून स्टेट रजिस्टर्ड, नाहीतर दोन वर्षं शिकून स्टेट एन्रोल्ड. दुसऱ्या वाटेने गेलं की वॉर्डाची सिस्टर, म्हणजे तिथली मुख्य नर्स, होता येत नाही आणि ते शिक्षण भारतात धरतही नाहीत, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. फॉर्म पुढे केला, आम्ही सही केली. आमच्याबरोबरच्या कितीतरी मुलींचं असंच झालं. वीस वर्षं ती एन्रोल्डच राहिली. काल आलेल्या पोरींना काम हिने शिकवायचं आणि पुढच्या वर्षी त्यांनीच हिला हुकूम सोडायचे. तुम्ही मंडळात तिला सिस्टर म्हणायचात ना, तेव्हा वॉर्डात तिला सिस्टर म्हणत नव्हते. मला ते फार लागायचं. ती काही बोलली नाही कधी.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एन्रोल्डची रजिस्टर्ड होण्याचा कन्व्हर्जन कोर्स निघाला. तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती, घरात आठ माणसं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईस्तोवर उभ्याने पुस्तक वाचायची. पास झाली त्या दिवशी मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मीही नाही बोलले.

ते लिहा.

---

प्रेषक: धाकटी सून

काकू, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. यांनाही नाही.

काल देवघराचा खण आवरला. अन्नपूर्णेच्या वस्त्रांखाली एका लिफाफ्यात ते सर्टिफिकेट मिळालं, आणि त्यालाच टाचलेलं आईंचं छातीवरचं घड्याळ. उलटं टांगायचं ते, खाली बघितलं की आपल्याला सुलट दिसणारं. बंद पडलंय. सेकंदकाटा तेवढा लाल आहे. दोन्ही वस्तू रविवारी घेऊन येते. काकू, तुम्हाला गाडीने आणायला हे येतील, साडेदहाला तयार राहा.

---

प्रेषक: कार्यवाह

काकू, माफ करा आणि आभार. वार्तापत्रात असं जाईल:

"सिस्टरमावशी, रजिस्टर्ड जनरल नर्स. तीन पिढ्यांच्या घराचा आधार."

गृहिणी हा शब्द काढला आहे. चालेल ना?

---

प्रेषक: मिरजेची मैत्रीण

चालेल. रजिस्टर्ड ठळक अक्षरांत टाका.