८०० मीटर : दुसऱ्या राऊंडला मुलगा बसतोय, मदत हवी आहे

मैदानवेडा :
मुलगा १७ वर्षांचा. ८०० ला २:०४ च्या खाली येतच नाही. मेहनतीत कसूर नाही, पण ६०० नंतर खांदे कानाला लागतात, मान मागे जाते, पाय उचलत नाहीत. निवड चाचणी पाच आठवड्यांवर आलीय. कोणतं वर्कआउट देऊ? लवकर सांगा.

धावपट्टी :
पहिला राऊंड, म्हणजे पहिले ४००, कितीत? सुट्टा ४०० कितीत मारतो? आठवड्यात काय काय करून घेता? हे कळल्याशिवाय वर्कआउट सांगणं म्हणजे अंधारात दगड.

खारीक_दूध :
रात्री भिजवलेले बदाम, सकाळी दोन उकडलेली अंडी, पळून आल्यावर गूळ-शेंगदाणे. पोलीस भरतीच्या १६०० ला हेच चालतं.

मैदानवेडा :
आहार ठीक आहे हो. सुट्टा ४०० ५२.८. रेसमध्ये पहिला राऊंड ५७.५, दुसरा ६६.५. आठवड्यातून चार दिवस १० × ४००, मध्ये दीड मिनिट. सुरुवातीचे ६५ मध्ये, शेवटचे ७२ वर जातात. लांब पळवत नाही, स्पीड जातो.

धावपट्टी :
नऊ सेकंदांचा फरक! २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये केनियाच्या डेव्हिड रुडिशाने ८०० ला १:४०.९१ चा विश्वविक्रम केला तेव्हा राऊंड होते ४९.२८ आणि ५१.६३. तुमच्या मुलाकडे दोन मिनिटांपुरता स्पीड आहे, कमी पडतोय तो एरोबिक पाया, म्हणजे ऑक्सिजनवर दम टिकवायची ताकद. त्यात चार दिवस ४०० मारून तो रेसआधीच थकतो. ७२ वर गेलेला रिपीट (दहातला एक ४००) थकलेल्या पायांनी पळायची सवय लावतो.

कडक दिवस दोनच ठेवा. मंगळवारी ५ × ३००, प्रत्येक ४५ मध्ये, मध्ये तीन मिनिटं चालणं. ४६.५ च्या वर गेला की तिथेच थांबवा, उरलेले मारायचे नाहीत. शुक्रवारी २० मिनिटं टेम्पो, म्हणजे एका लयीत सलग पळणं, किलोमीटरला चार मिनिटांच्या आसपास. एखादं वाक्य बोलता यावं, गप्पा नाही. रविवारी ५० मिनिटं अगदी सावकाश. बाकी हलकं.

वेग_आधी :
पाच आठवड्यांत कसला पाया? ६ × १५०, १९.५ मध्ये, पाच मिनिटं विश्रांती. वरचा स्पीड वाढला की ६० चा राऊंड आपोआप सैल जातो.

धावपट्टी :
५२.८ वाल्याला ६० चा राऊंड आजही सैलच आहे. ८०० ला निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनवरच येते. १५० हवेत तर मंगळवारी ३०० च्या आधी दोन घ्या, सहा नकोत.

फक्कीची_रेघ :
मैदान मातीचं की सिंथेटिक? मातीचं असेल तर ४०० कुठून मोजलंय? मोजमाप फक्कीच्या रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेरून धरतात. रेघेवरूनच मोजलं असेल तर राऊंडला सव्वा मीटर जास्त पळतोय.

वेग_आधी :
सव्वा मीटर म्हणजे ०.२ सेकंद. इथे नऊ शोधतोय आपण.

फक्कीची_रेघ :
तरी ३०० ची खूण टेपने मोजा, पावलांनी नको, नाहीतर ४५ ला अर्थ नाही. आणि वळणावर दुसऱ्या लेनमधून ओव्हरटेक करतो का? अख्खं वळण तसं पळाला तर पावणेचार मीटर वाढतात, म्हणजे अर्धा सेकंद.

सकाळपाळी :
फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलंय का? हिमोग्लोबिन बरं दिसूनही ते कमी असू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या मात्र देऊ नका. जेवणासोबत चहा बंद, लोह नीट शोषलं जात नाही.

मैदानवेडा :
मैदान मातीचं. टेपने मोजतो, रक्तही तपासून घेतो. पण गन झाली की ऐकत नाही, पहिले २०० २७ मध्ये जातो. त्याचं काय करू?

धावपट्टी :
चाचणीला पहिले २०० २९.५, ४०० ला ५९.५. हा पेस पायात बसवायचा. गुरुवारी, हलक्या दिवशीच, ४ × २००, २९.५ मध्ये, मध्ये दोन मिनिटं. १०० च्या खुणेवर उभे राहा आणि १४.८ ला शिट्टी वाजवा. शिट्टीआधी तो पुढे गेला तर तो रिपीट बाद, परत सुरुवातीपासून. घड्याळ दाखवू नका. थांबल्यावर त्यालाच विचारा, "किती झाले?" मग खरं टायमिंग सांगा. त्याचा अंदाज अर्ध्या सेकंदात बसायला लागला की शिट्टी बंद करा.