शब्दचर्चा : तुकोबांची ‘ग्वाही’

प्रश्न : ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही’ हा चरण नेहमी कानावर येतो. पण ग्वाही आपण ‘देतो’, म्हणजे आश्वासन देतो. मग मनाला ग्वाही ‘केलें’ म्हणजे नेमकं काय?

उत्तर : इथे ग्वाही म्हणजे साक्षीदार. फारसीत गवाह म्हणजे साक्षीदार, गवाही म्हणजे साक्ष. पुढे मराठीत अर्थ सरकत हमीपर्यंत आला. ‘काम वेळेत होईल अशी ग्वाही दिली’ हे आजचं. 17व्या शतकातले तुकोबा मात्र साक्षीपुराव्याची भाषा बोलताहेत.

त्यांची शब्दाची निवड मला फार मोलाची वाटते. मनाला ते न्यायाधीश करत नाहीत, साक्षीला उभं करतात. साक्षीदाराने पाहिलं तेवढंच सांगायचं. पदरचं घालायचं नाही, गिळायचंही नाही, मग समोर आपला माणूस असो की परका.

आणि हा चरण सुटा वाचू नये. ‘याती शूद्र वंश’ या आत्मपर अभंगात त्याच्या बराच आधी ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां’ येतं. (‘उत्तरें’ म्हणजे जबाब नव्हेत, वचनं, बोल.) मग गाणाऱ्यांमागे धृपद (म्हणजे पालुपद) धरणं, चित्त शुद्ध करणं, शरीर कष्टवून केलेला उपकार. एवढं झाल्यावर मन ग्वाही. म्हणजे कुठलंही मन साक्षीला चालत नाही! ‘माझं मन सांगतं’ म्हणून हा चरण पुढे करणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही.

लगेच पुढे ‘मानियेलें नाहीं बहुमतां’. हे बहुमत म्हणजे पुष्कळांचं म्हणणं, मतमोजणीतलं नव्हे.

प्रश्न : मग सरळ विवेक म्हटलं तर?

उत्तर : जवळचा शब्द आहे, पण तोच नाही. विवेक ‘विच्’ धातूवरून आला. वेगळं करणं, पाखडून दाणा आणि फोल निराळं करणं. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात ‘मी अविवेकाची काजळी । फेडूनि विवेकदीप उजळीं’ असं भगवंतांच्या तोंडी आहे. विवेक निवाडा करतो. त्याच्यापुढे जे येतं ते खरं आहे ना, हे सांगायला ग्वाही लागते.

माझाच अनुभव सांगतो. मध्यंतरी एका नातलगाविरुद्ध घरातल्या वडीलधाऱ्यांना पत्र लिहिलं होतं. सकाळी हाच अभंग वाचून झाला आणि पाठवण्याआधी पत्र पुन्हा उघडलं. ‘त्याने मुद्दाम मला कळवलं नाही.’ कळवलं नाही, हे मला ठाऊक होतं. मुद्दाम? ते मी कुठे पाहिलं होतं? तो एक शब्द खोडला, आणि पुढच्या दोन परिच्छेदांना आधारच उरला नाही. तेही काढले. उरल्या चार ओळी, तेवढ्याच पाठवल्या.