सरकारने जागा घेतली म्हणून साठेखत मरत नाही

इसारपावती: कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, "युद्धात सरकारने जमीन घेतली की करार संपला, इसार घ्या आणि घरी जा." राहवलं नाही म्हणून लिहितोय. १९५४ चा सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगुर हा निकाल वाचा. कलकत्त्यात ढाकुरिया तलावांजवळ कंपनीने प्लॉट पाडले. १९४० मध्ये प्लॉट विकायचा करार (साठेखत) करून १०१ रुपये इसार घेतला, रस्ते-गटारं कंपनीने करायची होती. १९४१ अखेर जमीन डिफेन्स ऑफ इंडिया या युद्धकाळातल्या नियमांखाली सरकारच्या ताब्यात गेली. १९४३ मध्ये कंपनीचं पत्र: करार रद्द, इसार परत न्या, किंवा बाकी रक्कम आत्ताच भरा, रस्ते युद्धानंतर पाहू. सुप्रीम कोर्टाने कंपनीला हरवलं. कामाला मुदत नव्हती, सरकारचा ताबा तात्पुरता होता आणि सही झाली तेव्हा युद्ध चालूच होतं. करार पाळणं अशक्य झालं की तो संपतो, हे करार कायद्याचं कलम ५६ लागलं नाही.

बंदरवाला: एकच निकाल किती ताणणार? १९१९ चा बँक लाइन हा इंग्लंडमधला खटला बघा. सरकारने जहाज घेतलं, करार संपला.

इसारपावती: तो १२ महिन्यांचा जहाजभाड्याचा करार होता हो! जमीन कुठे पळून जाते?

गिरगावकर: तात्पुरता ताबा म्हणे! आमच्या आजीचा ब्लॉक सरकारी नोकरासाठी घेतला. आत्याचं लग्न झालं, तिची मुलं शिकली, ब्लॉक काही सुटला नाही. आजी दर महिन्याला त्या भाड्याची पावती कपाटात ठेवायची आणि शिव्या घालायची.

बंदरवाला: तो १९४८ चा, सरकारने जागा ताब्यात घ्यायचा मुंबईचा कायदा. युद्धाशी काय संबंध?

गिरगावकर: तुम्हाला संबंध दिसणार नाही, तुमचं घर गेलं नाही! ३० वर्षं ताबा ठेवता येत नाही हे एच. डी. व्होरा खटल्यात कोर्टाला १९८४ मध्ये सांगावं लागलं. १९९४ मध्ये पुन्हा तेच सांगून जागा रिकाम्या करायला लावल्या. तोवर किती म्हातारे गेले?

बंदरवाला: ठीक, ताबा लांबतो हे मान्य. मग इसारपावती, तीस वर्षं वाट बघत बसायची का खरेदीदाराने?

इसारपावती: खरेदीदाराला वाट बघायचीच होती, तोच कोर्टात गेला. पळत होती कंपनी.

गिरगावकर: आणि ताब्याची भरपाई मालकाला, इसार भरणाऱ्याला काय? त्यावर बोला कुणीतरी.