मदत हवी आहे : सामाजिक कायद्यांची कलमं डोक्यात राहत नाहीत

निंबोणी
पेपर अकरा दिवसांवर आलाय आणि कलमं काही केल्या पाठ होत नाहीयेत. एक पाठ केलं की दुसरं उडतं. कुठे चोवीस तास, कुठे पंधरा दिवस, कुठे साठ दिवस, सगळ्याची खिचडी झालीय. कुणाकडे नोट्स किंवा एखादी युक्ती असेल तर लगेच सांगा. 'मन लावून वाचा' छाप प्रतिसाद कृपया नकोत.

गवतीचहा
कोर्स कुठला? समाजकार्याचा (बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू) की वकिलीचा (एलएलबी)? कायदे कोणते? मदत मागायची आणि माहिती मुठीत ठेवायची, असं कसं चालेल?

आडवा_तिडवा
भाऊ, सरळ एलएलबी करा. पदवीनंतर तीनच वर्षं. कोर्टात काळ्या कोटालाच विचारतात, समाजकार्यवाल्याला बाहेरच्या बाकावर बसवतात.

निंबोणी
भाऊ नाही, बहीण. एमएसडब्ल्यू दुसरं वर्ष. बाल न्याय, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा), कौटुंबिक हिंसाचार, ज्येष्ठ नागरिक. आणि पेपर अकरा दिवसांवर आहे, तीन वर्षांवर नाही.

ओसरी
@आडवा_तिडवा, बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांच्या शेजारी दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यातली एक तरी बाई असावी लागते. बाहेरच्या बाकावर नव्हे, त्याच पीठावर. शिवाय वकिलीची सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. संस्थेत काम करायचं असेल तर सनद काय भिंतीवर टांगायची?

आडवा_तिडवा
सनद न घेताही डिग्रीचा उपयोग होतोच की. मी दोन्ही केलंय, म्हणून सांगतोय.

दगडीपाटी
गाईड फेकून द्या, बेअर अ‍ॅक्ट म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर वाचा. इंडिया कोडच्या साइटवर फुकट मिळतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, तरी गाईडांत सासरच्या छळासाठी अजून जुन्या दंड संहितेचं ४९८-अ छापतात. ते आता कलम ८५ आणि ८६. पोटगीचं जुनं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४. परीक्षेत जुनं लिहाल तर गुण जातील.

निंबोणी
बेअर अ‍ॅक्ट उघडला की एकेक वाक्य अर्धं पान चालतं. तिसऱ्या ओळीला मी कर्ता शोधत बसते.

काजळमाया७
साठ दिवसांचं तर नावच काढू नका. माझ्या मावसबहिणीचा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दोन वर्षं पडून होता.

दगडीपाटी
कायद्यात 'साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा' असं आहे. हमी नाही. पहिली तारीख मात्र साधारणपणे तीन दिवसांतली हवी.

काजळमाया७
प्रयत्न! वा.

जुनाखांब
ज्येष्ठ नागरिक कायद्यात न्यायाधिकरण निर्वाह भत्ता देतं. २००७ च्या मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. आमच्या सोसायटीत एका आजींना

जुनाखांब
अर्धवट गेलं. त्या आजींना मुलगा जिना चढू देत नाही. पोलिसांकडे जायचं की प्रांताकडे?

गवतीचहा
काका, वेगळा धागा काढा. निंबोणी, नेमकं अडतंय कुठे? चार कायदे एमएसडब्ल्यूच्या मुलीला जड जाऊ नयेत.

निंबोणी
बरं, सांगते. फिल्डवर्क बालकल्याण समितीकडे होतं, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचं ती बघते. एका अकरा वर्षांच्या मुलाची गृहचौकशी करून अहवाल लिहिला. समितीतल्या मॅडमनी तो परत दिला. 'वडील बेजबाबदार आहेत' याखाली पेन्सिलने रेघ आणि बाजूला बारीक अक्षरात : 'कोणी सांगितलं? कधी? तुम्ही काय पाहिलं?' तेव्हापासून कायद्याचं पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो.

ओसरी
अगं, मग हे आधी सांगायचंस. त्या मॅडमनी तुला फुकट शिकवणी दिली. कलमं सोड, त्याच मुलाची फाइल समोर ठेव आणि प्रत्येक मुदतीला एकच विचार : घड्याळ कोणाच्या हातावर आहे?

हरवलेलं मूल ज्याच्या हाती लागलं त्याने चोवीस तासांत कळवायचं, बाल न्याय कायदा कलम ३२. तेच मूल चोवीस तासांत समितीपुढे आणायचं, कलम ३१, प्रवासाचा वेळ धरायचा नाही. पोक्सोत पोलिसांनी चोवीस तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं, कलम १९. चोवीस तीनदा येतात, पण घड्याळं तीन.

पंधरा दिवस हे तुझं घड्याळ. समितीकडचा सामाजिक तपासणी अहवाल त्यात पुरा व्हायला हवा, म्हणजे समितीला पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश देता येतो. बाल न्याय मंडळापुढच्या विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचा अहवालही पंधरा दिवसांतच, तो बहुधा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी करतात. पंधरा दोन्हीकडे आहेत, तिथे गोंधळ होण्यासारखं काही नाही.

निंबोणी
आणि पोक्सोत मला किती वेळ? मुलाने मलाच सांगितलं तर?

फुलपाखरू_दादा
समुपदेशनात गोपनीयता पाळायची असते. आधी विश्वास, मग बाकीचं. मी शाळेत हेच करतो.

ओसरी
दादा, चुकताय. पोक्सोत समुपदेशकाला सूट नाही. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली की कळवायचंच. न कळवल्यास कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कलम १९ मध्ये तुझ्यासाठी तास लिहिलेले नाहीत निंबोणी, म्हणून उद्यावर ढकलायचं असं नव्हे.

फुलपाखरू_दादा
मूल पुन्हा तोंड उघडणार नाही, त्याचं काय?

ओसरी
म्हणून गप्पा सुरू करतानाच सांगायचं की काही गोष्टी मी माझ्यापाशी ठेवू शकणार नाही. त्यावर मूल गप्प बसतं कधी कधी. बसू दे.

फुलपाखरू_दादा
पुस्तकात सोपं आहे हे.

निंबोणी
रात्री तो अहवाल पुन्हा काढला. 'वडील बेजबाबदार' खोडलं. आता असं आहे : 'मुलाच्या सांगण्यानुसार वडील आठवड्यातून दोन-तीन रात्री घरी नसतात. भेटीच्या दिवशी सायंकाळी ६ वाजता वडील घरी नव्हते. शेजारणीने दुजोरा दिला.' तीन वाक्यांना पाऊण तास लागला. उद्या मॅडमना दाखवते.

गवतीचहा
छान. पण पेपरात काय विचारतात, लघुटिपा की प्रसंग?

निंबोणी
निम्म्याहून जास्त प्रसंगच असतात. कलम क्रमांकाला वेगळे गुण नाहीत म्हणे.

गवतीचहा
आणि हे तू आत्ता सांगतेस!

जुनाखांब
प्रांताकडे की पोलिसांकडे? कुणी सांगितलंच नाही.