अण्णाभाऊंचे ऋण पुतळ्याने फिटते का?

चाळकरी:
अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीनिमित्त एका गृहस्थांनी लिहिले आहे की, टपाल तिकीट निघाले, त्यांच्या नावाचे महामंडळ झाले, मॉस्कोत पुतळा बसला, आता भारतरत्न मिळाले की महाराष्ट्र त्यांच्या ऋणातून मोकळा होईल. हे ‘मोकळा होईल’ मला सहन झाले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ज्या माणसाने १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले, तमाशाच्या गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनगीतात, गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आणले, आणि कामगारांना त्यांचेच जगणे गाऊन दाखवले, त्याचे ऋण ओतीव धातूने फिटत नाही. माझे वडील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९८२ च्या संपात वाण्याची उधारी थकली, आईने मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवल्या. पण सभेत शाहिरी ऐकून आलेले वडील त्या रात्री ताठ मानेने जेवायला बसत. ही गाणी आज गातो कोण? सन्मान करायचा तर आधी ती गायला लागा.

वारणाकाठ:
चाळकरी साहेब, आपल्या वडिलांबद्दल आदर आहे, पण आपले म्हणणे मला मुळीच मान्य नाही. मी अण्णाभाऊंच्या वाटेगावच्या परिसरातला, त्यांच्याच मातंग समाजातला. माझे आजोबा लग्नात हलगी वाजवत आणि शेवटची पंगत उठेपर्यंत मांडवाबाहेर बसून राहत. आमच्या चौकात अण्णाभाऊंचा अर्धपुतळा बसला, तेव्हा ज्यांच्या मांडवाबाहेर आजोबा बसत, त्याच घरातला नातू हार घेऊन आला आणि आजोबांच्या शेजारी उभा राहिला. गाण्याने हे घडले नव्हते. ज्यांना गावाने कधी चौकात उभे केले नाही, त्यांना पुतळा म्हणजे काय ते विचारा.

डफवाला:
आपण दोघेही अमर शेखांना सोयीस्करपणे विसरलात. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांचा, म्हणजेच अमर शेखांचा, तो पहाडी आवाज नसता, तर अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड मैदानामैदानांत पोहोचली असती का? अण्णाभाऊ जुलै १९६९ मध्ये गेले आणि त्याच ऑगस्टमध्ये अमर शेख अपघातात गेले. एकाची जयंती गावोगाव होते, दुसऱ्याचे नाव नव्या पिढीला सांगावे लागते, कारण अमर शेखांच्या मागे जात उभी नाही. आणि त्या छक्कडीचे तरी काय केले आहे? आमच्याकडच्या कार्यक्रमांत गायक विरहाची कडवी तेवढी आळवतात आणि बेळगाव, कारवार आले की थांबतात. मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख, हेच कापले तर उरते ते एक प्रेमगीत.

वारणाकाठ:
‘जात उभी नाही’ हे वाक्य मागे घ्या. आम्ही उभे राहिलो नसतो, तर मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगरमधील झोपडीत राहून ‘फकिरा’ कादंबरी लिहिणारा हा माणूस पाठ्यपुस्तकाच्या एका परिच्छेदात संपला असता. १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी पृथ्वी दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, असे सांगितले. दोन्ही नावे त्यांनी एका दमात घेतली; आपण त्यातले एक खोडू पाहता.

चाळकरी:
खोडत कोणीच नाही. पण जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती लावून त्यापुढे नाचायचे आणि शाहिराचा एकही शब्द ऐकू येऊ द्यायचा नाही, हा कोणता सन्मान? आमच्या वस्तीत गेल्या वेळी खिडक्यांची तावदाने थरथरत होती. आपल्या आजोबांची हलगी तिथे कुठे होती?

वारणाकाठ:
डीजे आमच्याच मिरवणुकीत कानाला का टोचतो? गणपतीचे दहा दिवस, लग्नाच्या वराती, नेत्यांचे वाढदिवस, तेव्हा आपण किती वेळा लिहिलेत? माझ्या चुलत्यांनी हलगी सोडली ती तिच्यासोबत येणाऱ्या हाका सोडण्यासाठी. ती आम्ही पुन्हा गळ्यात अडकवावी आणि आपण खिडकीतून लोककला म्हणून पाहावी, ही अपेक्षा मला अपमानास्पद वाटते.

डफवाला:
हलगीबद्दलचे हे म्हणणे मला मान्य करावे लागेल. मी त्या बाजूने विचार केला नव्हता. जातीचे वाक्यही कठोर झाले. मात्र अमर शेखांविषयीची तक्रार मी सोडणार नाही, आणि डीजेवर मी गणपतीतही तितकाच चिडतो.

चाळकरी:
पुतळ्याला माझा विरोध नाही, असे धरून चला. पण त्याखाली भाषणे होतात, त्यात आमदार अर्धा तास बोलतात आणि शाहिराला पाच मिनिटे मिळतात. हे तरी आपल्याला पटते का?

वारणाकाठ:
पटत नाही, आणि आमच्या मंडळात मी यावरून भांडलोही आहे. येत्या १ ऑगस्टला भाषणांआधी छक्कड बेळगाव-कारवारसकट पूर्ण गायची, असे मी मांडणार आहे. डफवाल्यांना ती सगळी पाठ असेल, तर त्यांनी यावे; अमर शेखांचा फोटो अण्णाभाऊंच्या शेजारी ठेवण्याचे मी बघतो. पुतळा मात्र आहे तिथेच राहील.